राजाराम बंधाऱ्याचा आकडा आणि आपली गल्ली

पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या फोनांवर दिवसातून अनेकदा एकाच साच्याचा निरोप येतो. राजाराम बंधारा पाणीपातळी इतके फूट, इतके इंच. पाण्याखाली गेलेले बंधारे इतके. राधानगरीतून विसर्ग इतके क्युसेक. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. सांगलीत तोच मान आयर्विन पुलाला: ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. नदीची इतकी ताजी माहिती फार थोड्या पूरपट्ट्यांना मिळते. तरीही २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये हजारो माणसांना माड्यांवरून आणि पत्र्यांवरून बोटीनं काढावं लागलं.

माहिती होती, मग माणसं अडकली का? पूरग्रस्त गावांत हा प्रश्न विचारला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं. ‘२००५ ला पाणी ह्या पायरीपर्यंतच आलं होतं.’ लोकांनी बंधाऱ्याचा आकडा ऐकला, पण घर सोडायचं की नाही हे ठरवलं पायरीकडं बघून. आणि २०१९ ला पाणी ती पायरी ओलांडून गेलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, आयर्विन पुलाशी कृष्णेची ५७ च्या वर. दोनच वर्षांनी कोल्हापुरात तोही आकडा मागं पडला आणि पंचगंगा ५६ फुटांच्या वर गेली.

बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर असताना आपल्या पायरीला लागतं, याचं उत्तर बहुतेक गावांत कुठंही लिहून ठेवलेलं नाही. ते लिहून काढणं हे गावाचं काम आहे आणि ते उन्हाळ्यातच करावं लागतं. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, तरुण मंडळाची पोरं, बचत गटाच्या बायका, ज्यांना ज्यांना पावसाळ्यात गावाची काळजी लागते त्या सगळ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरणं पंचगंगा-कृष्णाकाठची आहेत, पण ज्या गावाजवळच्या नदीची पातळी कुठं ना कुठं मोजली जाते, त्या कुठल्याही गावाला रीत हीच.

सुरुवात भिंतीपासून करा. गावातल्या जुन्याजाणत्या दोन-तीन माणसांना बरोबर घ्या आणि नदीकडून गावठाणाकडं चालत या. २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठपर्यंत होतं ते प्रत्येक गल्लीत विचारा. भिंतीवर गाळाची रेघ अजून दिसत असेल तर उत्तम. नसेल तर विजेचा खांब, देवळाचा कठडा, शाळेच्या खिडकीचा गज अशा पक्क्या खुणा मिळतात. एकाच्या आठवणीवर विसंबू नका, शेजाऱ्याला वेगळं विचारून दोन्ही उत्तरं ताडून बघा. मग त्या खुणेवर ऑइलपेंटनं रेघ मारा आणि शेजारी वर्ष लिहा. त्या पुरात बंधाऱ्यावर पातळी किती होती याची नोंद सरकारी दप्तरात असते. ती मागून घ्या आणि तो आकडाही रेघेशेजारी लिहा.

सगळ्यात वरची रेघ काढली म्हणजे काम झालं असं समजू नका. खरी गरज असते ती मधल्या टप्प्यांची. मळीच्या रानात पाणी कधी शिरतं, स्मशानभूमीचा रस्ता कधी बुडतो, ओढ्यावरचा पूल कधी बंद होतो, पहिलं घर कधी भिजतं, पिण्याच्या पाण्याची मोटर कधी बुडते. या प्रत्येक घटनेसमोर बंधाऱ्याचा एक आकडा यायला हवा. पहिल्याच वर्षी सगळे आकडे मिळणार नाहीत. म्हणून येत्या पावसाळ्यात ज्या दिवशी पूल बंद होईल त्या दिवशी वेळ आणि त्या वेळची बंधाऱ्याची पातळी वहीत लिहा. दोन-तीन पावसाळ्यांत गावाचा स्वतःचा तक्ता तयार होतो. पाटबंधारे विभागाची निळी आणि लाल पूररेषा असते, २५ वर्षांतून एकदा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या अंदाजावर आखलेली. बांधकाम परवानगीसाठी ती महत्त्वाची आहे. पण आज संध्याकाळी कुठली गल्ली उठवायची हे ती रेषा सांगत नाही. ते हा तक्ता सांगतो.

या तक्त्यात सगळ्यात महत्त्वाचा आकडा कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी गावाबाहेर पडायचा रस्ता बंद होतो तो आकडा सांगेन. घरात पाणी येण्याआधी बहुतेक वेळा रस्ता जातो. घर कोरडं असतं, चहा उकळत असतो आणि गाव मात्र बेट झालेलं असतं. प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या गावांना हे सांगायची गरज नाही. त्यामुळं स्थलांतराची वेळ ठरवताना दारातलं पाणी मोजू नका, रस्त्यावरचं मोजा. रस्ता ज्या पातळीला बंद होतो तिच्या दोन फूट आधी गाव हलायला लागलं पाहिजे. म्हातारीकोतारी, गरोदर बाया आणि जनावरं त्याच्याही आधी.

आता रोजच्या निरोपाकडं वळू. निरोपातली पातळी सगळे वाचतात, ती कोणत्या वेगानं चढते आहे हे फार थोडे बघतात. समजा सकाळी सहाला ३९ फूट २ इंच होतं आणि दहाला ४० फूट ६ इंच झालं. चार तासांत १६ इंच, म्हणजे तासाला चार. धोका पातळीला अजून ३० इंच बाकी आहेत, म्हणजे साडेसात तास. हाच वेग राहिला तर संध्याकाळी साडेपाचला ४३ फूट. त्या वेळी उजेड असतो. रात्री नऊला होणार असतं तर निर्णय दुपारीच घ्यावा लागला असता. हा हिशेब प्रत्येक नव्या निरोपाला पुन्हा करायचा, कारण पाणी पात्राबाहेर पसरलं की वेग मंदावतो आणि वरून विसर्ग वाढला की पुन्हा चढतो. २०२१ ला पाणी किती झपाट्यानं चढलं होतं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना या हिशेबाची किंमत वेगळी सांगायला नको.

विसर्गाचे आकडे अनेकांना घाबरवतात, कारण त्यांचा अंदाज येत नाही. एक सोपी गोष्ट ध्यानात ठेवा. साधारण साडेअकरा हजार क्युसेक पाणी दिवसभर सोडलं तर एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतं. कोयना धरण सुमारे १०५ टीएमसीचं आहे. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून सुमारे १४०० क्युसेक पाणी येतं. म्हणून ‘राधानगरीचा दरवाजा उघडला’ एवढ्यानं गाव हादरायचं कारण नाही. किती दरवाजे उघडले, गगनबावड्याला पाऊस चालू आहे का, कासारी, कुंभी आणि तुळशी या नद्या किती चढल्यात, हे सगळं एकत्र बघायचं. पंचगंगा या सगळ्यांची मिळून होते. एका धरणाच्या आकड्यावर तिचा पूर ठरत नाही.

शिरोळ तालुक्याचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवट्यानं मागं पसरतं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी उतरायला लागलं म्हणून शिरोळकरांनी निर्धास्त होऊन चालत नाही. त्यांच्या तक्त्यात आयर्विन पूल हवा, राजापूर बंधारा हवा, कोयनेचा विसर्ग हवा आणि खाली अलमट्टी धरणात पाणी किती आहे आणि किती सोडतायत, तेही हवं. नृसिंहवाडीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या नदी वाचत आले आहेत. पाणी उत्तरेकडून मंदिरात शिरून दक्षिणद्वारातून बाहेर पडतं तेव्हा तिथं सोहळा असतो, लोक स्नानाला येतात. ती पातळी कुठल्या आकड्याला येते आणि त्यानंतर वाडीतली कुठली घरं भिजतात, हा हिशेब तिथल्या जाणत्या माणसांच्या डोक्यात असतो. तो कागदावर आला तर डोक्याबरोबर जाणार नाही.

नदीच्या आधी पाऊस असतो, म्हणून हवामान खात्याच्या रंगांचा अर्थ नीट समजून घ्या. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढं मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार अशी वर्गवारी आहे. इशारा मात्र सहसा अख्ख्या जिल्ह्याला असतो. शिरोळला ऊन पडलेलं असताना जिल्ह्याला लाल इशारा असला की लोक म्हणतात, ‘यांचं काय खरं नसतं.’ खरं असतं. तो पाऊस घाटमाथ्यावर पडत असतो आणि पाणी होऊन शिरोळला नंतर पोचतो. पुराच्या गावानं आपल्या डोक्यावरच्या आभाळापेक्षा पाणलोटातल्या आभाळाकडं जास्त बघावं.

इथं एक सोय आपल्या हाताशी असून वापरात नाही. ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. त्यांचे आकडे आपण कधी बघतो? पीक गेल्यावर. मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी, म्हणजे भरपाईला पात्र, हे शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. नुकसान मोजायला जो आकडा चालतो तोच नुकसान टाळायला आदल्या रात्री चालला पाहिजे. वरच्या मंडळांचा पाऊस दर तीन तासांनी खालच्या गावांना कळवावा अशी मागणी तहसीलदारांकडं लेखी करा. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, कुणाला तरी ते काम नेमून द्यावं लागतं.

सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यांना नदीचा आकडा उपयोगाचा नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. त्यांच्यावर डोंगर आला. तिथं पाऊस हाच इशारा. तळियेची दरड कोसळली त्याच सुमारास महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सरळ उभ्या कडेचा एखादा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी ठरल्या वेळी त्यातलं पाणी पट्टीनं मोजा. जितके मिलिमीटर खोल तितके मिलिमीटर पाऊस. सलग दोन-तीन दिवस जोर राहिला, त्यात जमिनीला नवी भेग पडली, झाडं कलली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा आटलं, तर कुणाच्या आदेशाची वाट न बघता उजेडात खाली उतरा.

परत पूरपट्ट्यात येऊ. आकडे जमले, तक्ता झाला, तरी माणूस उठत नाही, याचं सगळ्यात मोठं कारण गोठ्यात बांधलेलं असतं. दोन म्हशी आणि एक कालवड हे ज्या घराचं महिन्याचं उत्पन्न आहे, त्या घराला ‘शाळेत चला’ असं सांगणं म्हणजे अर्धा निरोप. म्हशींचं काय? याचं उत्तर निरोपातच हवं. कुणाच्या माळावरच्या रानात जनावरं बांधायची, चारा कोण आणणार, दूध कुठं घालायचं, रात्री राखण कोण करणार. हे उन्हाळ्यात ठरवून त्या जागामालकाशी बोलून ठेवलं तर लोक इशाऱ्याच्या आकड्यालाच जनावरं हलवतात, आणि जनावरं हलली की माणसं मागोमाग निघतात. जी जनावरं हलवता येणार नाहीत त्यांची दावी तरी सोडा. बांधलेलं जनावर जागेवर बुडतं, सोडलेलं पोहून वाचू शकतं.

निरोप कसा द्यायचा, तेही उदाहरणानं सांगतो. ‘हवामान खात्याने रेड अलर्ट दिला असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ हा निरोप वाचून कुणी काय करायचं? सतर्क म्हणजे नेमकं काय? आता हा बघा: ‘बंधाऱ्यावर ४१ फूट झालंय, रात्री ४३ होईल. कुंभार गल्ली आणि खालच्या आळीनं आज संध्याकाळी सहाच्या आत हायस्कूलवर यायचं. ओढ्यावरचा पूल आठनंतर बंद. जनावरं माळावरच्या रानात, ट्रॅक्टर चार वाजता मारुतीच्या देवळापाशी. औषधं, रेशनकार्ड, आधारकार्ड, चार्जर बरोबर घ्या.’ गल्लीचं नाव, वेळ, ठिकाण, वाहन. हा निरोप जिल्हाधिकारी कार्यालय देऊ शकणार नाही, कारण कुंभार गल्ली त्यांना माहीत नाही. तो गावातूनच निघाला पाहिजे, आणि कोण काढणार त्या माणसाचं नाव आधी ठरलेलं पाहिजे. तो गावाला गेला असेल तर दुसऱ्याचं.

हा निरोप फोनवर पाठवाच, पण फोनवर सोडून देऊ नका. पुरात वीज आधी जाते, मग टॉवर. देवळाचा किंवा मशिदीचा भोंगा बॅटरीवर चालतो का ते मे महिन्यात तपासा. भोंगा पोचत नाही तिथं दवंडी, तीही जमत नसेल तर दारोदार. दरवाजा वाजवून ‘चला’ म्हणणारा ओळखीचा माणूस जे करतो ते कुठलंही ॲप करत नाही. तरीही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’, हवामान खात्याचं ‘मौसम’, केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ आणि वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’, एवढी ॲप गावातल्या चार-पाच जबाबदार फोनांत हवीतच.

निरोप ऐकून जे स्वतःच्या पायानं निघू शकत नाहीत त्यांची वेगळी यादी करा. अंथरुणावरचे रुग्ण, दिवस भरत आलेल्या बाया, डायलिसिसवर असलेले, एकटी राहणारी म्हातारी माणसं, ज्यांना ऐकू येत नाही असे. यातली बरीच माहिती आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्याकडं असते. प्रत्येक नावासमोर उचलायला कोण जाणार त्या दोघांची नावं लिहा आणि खाट, खुर्ची की झोळी लागेल तेही. ही यादी कागदावर तीन-चार जणांकडं असावी. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कोण आजारी आहे आणि कोण एकटं राहतं हे गावभर फिरायची गोष्ट नव्हे.

आता सरकारकडं. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्याला प्राधिकरण दिलं आहे. जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष १०७७ वर, राज्याचा १०७० वर. बोटी आणि जवान मोजके असतात आणि कुठं आधी पाठवायचं हे कक्षात बसलेल्या माणसाला फोनवरच्या शब्दांवरून ठरवावं लागतं. ‘गाव पाण्यात आहे, लवकर बोट पाठवा’ असे फोन त्याला एकामागून एक येत असतात. तुमचा फोन असा असू द्या: गाव, गल्ली, अडकलेली माणसं ३८, त्यातली लहान मुलं ९, झोपून न्यावी लागणारी २, पाणी कमरेएवढं आणि वाढतंय, बोट मारुतीच्या देवळाच्या बाजूनं येऊ शकते, संपर्काला हे दोन नंबर. दर दोन तासांनी नवा आकडा कळवा. काढलेल्या माणसांचा आकडासुद्धा कळवा, म्हणजे ती बोट दुसऱ्या गावाला जाऊ शकेल. मागच्या पुराचे व्हिडिओ या पुरात पुढं ढकलणाऱ्याला तिथल्या तिथं थांबवा. एका खोट्या व्हिडिओपायी बोट भलतीकडं गेली तर खरा माणूस वाट बघत राहतो.

बोटीचा हिशेबही कागदावरच हवा. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली बोट उलटली आणि तिच्यातल्या बायका-मुलांचे जीव गेले. गावात बोट असेल तर ती किती माणसांची, ते तिच्या अंगावर मोठ्या अक्षरात रंगवा. लाइफ जॅकेट किती आहेत ते मोजा. जितकी जॅकेट तितकीच माणसं एका फेरीला. बोट चालवणाऱ्याला ‘आता कुणाला घेणार नाही’ म्हणायचा अधिकार ग्रामसभेनं आधीच दिलेला असावा. त्या क्षणी सरपंचाचाही आग्रह त्यानं ऐकू नये.

लोक पुढच्या वेळी उठतील का, हे आदल्या वेळी त्यांना निवाऱ्यात कसं ठेवलं यावर ठरतं. ओडिशाचं उदाहरण यासाठी घ्यावं. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथं सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१९ च्या मे महिन्यात फणी वादळ आलं तेव्हा बारा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते आणि मृतांची संख्या ६४ वर राहिली. मधल्या वीस वर्षांत किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, स्वयंसेवक तयार झाले, सराव झाले. आपल्याकडं शाळेच्या खोलीत दीडशे माणसं, दोन संडास आणि बाईला कपडे बदलायला आडोसा नाही, अशी सोय असेल तर ती बाई पुढच्या पुरात माडीवर जाऊन बसेल. त्यात तिचं काय चुकलं? पाण्याचा साठा विशेष बघा. २०१९ ला कोल्हापूर शहराला पाणी पुरवणारी उपसा केंद्रंच बुडाली आणि चहूकडं पूर असताना शहर पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघत होतं. महामार्ग शिरोलीजवळ बंद पडल्यावर दूध, पेट्रोल, औषधं सगळंच अडलं. चार दिवस बाहेरून काही येणार नाही असं धरून साठा करा.

इशारा दिला, गाव हललं आणि पाणी आलंच नाही, असंही होईल. लोक चिडतील. त्या दिवशी सरपंचानं तोंड लपवू नये. पातळी कुठवर चढली, कुठं थांबली आणि कशामुळं, हे फळ्यावर लिहून दाखवावं. वरचा पाऊस थांबला किंवा विसर्ग कमी झाला, हे कारण कळलं की लोक समजून घेतात. कारण न सांगता घरी पाठवलं तर पुढच्या वेळी येत नाहीत.

वेळापत्रक असं ठेवा. १ मेच्या ग्रामसभेत तक्ता मोठ्यानं वाचून दाखवा आणि कुठल्या आकड्याला कुठली गल्ली हलणार याचा ठराव करा. मेअखेर एकदा सराव करा, निदान खालच्या आळीपुरता, जनावरांसकट. ठरावाची प्रत तहसीलदारांना आणि जिल्हा नियंत्रण कक्षाला द्या आणि पोच घ्या. पूर येऊन गेला तर भिंती वाळायच्या आत नवी रेघ मारा, कारण पंचनामे आणि साफसफाई सुरू झाली की गाळाची खूण दोन दिवसांत पुसली जाते. त्या रेघेशेजारी तारीख, वेळ आणि बंधाऱ्याचा आकडा लिहा, आणि तक्त्याच्या ज्या ओळी चुकीच्या निघाल्या त्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दुरुस्त करून घ्या.